स्टुडिओतली नजर, वर्गातलं काम

1997 साली स्कॉटलंडमधल्या डंडी या बंदराच्या गावात दोन गोष्टी घडल्या. तिथल्या डीएमए डिझाइन या स्टुडिओने बनवलेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ हा गेम बाजारात आला आणि त्याच गावातल्या ॲबर्टे विद्यापीठाने कॉम्प्युटर गेम्सचं तंत्र शिकवणारी पदवी सुरू केली. या विषयातली ती जगातली पहिली पदवी मानली जाते. डंडीत यासाठी जमीन आधीपासून तयार होती. तिथल्या टायमेक्सच्या कारखान्यात 1980च्या दशकात झेडएक्स स्पेक्ट्रम हे घरगुती कॉम्प्युटर तयार होत, त्यामुळे गावातल्या पोरांच्या हाती ते लवकर पडले. डीएमएचा ‘लेमिंग्ज’ तर 1991मध्येच जगभर गाजला होता.

अशा पदवीपुढे पहिल्या दिवसापासून एक अडचण उभी असते आणि ती अजून कुठेच पुरती सुटलेली नाही. वर्गात शिकवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी बाजारात आलेला गेम स्वतः बनवलेला नसतो. ज्यांनी बनवलेला असतो ते मुदतीच्या मागे धावत स्टुडिओत अडकलेले असतात. त्यात हे तंत्र कुणासाठी थांबत नाही. 2012मध्ये डिस्ने स्टुडिओतल्या ब्रेंट बर्ली यांनी पृष्ठभागावर पडणारा प्रकाश भौतिकशास्त्राला धरून दाखवण्याची एक सुटसुटीत पद्धत मांडली. पुढच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या गेम इंजिनांनी ती उचलली आणि टेक्श्चर, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावरचं चित्र, रंगवण्याची जुनी रीत मागे पडली. 2014मध्ये टेक्श्चर रंगवण्याचं सबस्टन्स पेंटर हे सॉफ्टवेअर आलं आणि कामाचा क्रमच बदलला. 2022मध्ये अनरील इंजिनची पाचवी आवृत्ती आली. तिच्यातल्या नॅनाइट तंत्राने, मॉडेल ज्यांपासून बनतं तो एकेक त्रिकोण मोजूनमापून वापरायचा हा वर्षानुवर्षांचा नियम पुष्कळ ठिकाणी सैल केला. अभ्यासक्रम मंजूर होऊन वर्गात पोचेपर्यंत स्टुडिओतलं काम दोन पावलं पुढे गेलेलं असतं. ही दरी बऱ्याच अंशी पगाराशिवाय भरली जाते. काम करणारे कलाकार संध्याकाळी, शनिवारी-रविवारी विद्यार्थ्यांचं काम पाहतात आणि त्यात काय चुकलं, का चुकलं ते सांगतात.

ॲबर्टेने याची एक पद्धतशीर वाट काढली होती. ‘डेअर टू बी डिजिटल’ या स्पर्धेत पाच-पाच विद्यार्थ्यांचे संघ उन्हाळ्यात डंडीला येत आणि काही आठवडे एकत्र राबून गेमचा खेळता येईल असा नमुना उभा करत. प्रोग्रॅमर आणि चित्रकार एकाच संघात असत. या काळात स्टुडिओंतली माणसं मार्गदर्शक म्हणून येऊन जात, अर्धवट काम पाहत, प्रश्न विचारत. शेवटी सगळे नमुने लोकांपुढे खेळायला ठेवले जात. 2007पासून काही वर्षं त्यातल्या निवडक संघांना ‘बाफ्टा’च्या एका खास पुरस्कारासाठी नामांकन मिळत असे. पुरस्कार झळकून गेला, तरी विद्यार्थ्यांच्या हाती उरलं ते मधल्या आठवड्यांत ऐकलेलं. गेम अजून बदलता येत होता तेव्हा कुणीतरी जाणत्याने तो पाहिला होता.

इंग्लंडमध्ये यॉर्कशर भागातल्या आर्डवार्क स्विफ्ट या गेम उद्योगासाठी माणसं शोधणाऱ्या कंपनीने 2009मध्ये ‘सर्च फॉर अ स्टार’ ही स्पर्धा सुरू केली. स्टुडिओत असतं तसं ब्रीफ, तशीच मुदत आणि काम तपासायला वेगवेगळ्या स्टुडिओंतले कलाकार, असा तिचा ढाचा आहे. शेवटच्या वर्षाला पोचण्याआधीच्या विद्यार्थ्यांसाठी पुढे ‘रायझिंग स्टार’ हा तिचा धाकटा भाऊ आला. त्याच्यामागे शेफील्डच्या सुमो डिजिटल या स्टुडिओचं नाव आहे. याच सुमोने 2007मध्ये पुण्यात आपला स्टुडिओ थाटला, म्हणजे ज्या कंपनीचे कलाकार इंग्लंडमधल्या पोरांची कामं तपासतात तिचेच लोक पुण्यातही बसतात.

हे कलाकार नेमकं पाहतात काय?

सुंदर चित्र आणि गेमला चालणारं चित्र यात फरक असतो, इथून सुरुवात करावी लागते. ॲनिमेशनपटाची एक चौकट तयार व्हायला कित्येक तास लागले तरी चालतात, कारण ती एकदाच बनते. गेममध्ये प्रत्येक चौकट खेळाडूच्या डोळ्यांदेखत तयार होते. सेकंदाला साठ चौकटी हव्या असतील तर एका चौकटीला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. झाडं, माणसं, सावल्या, धूर, आगीच्या ठिणग्या हे सगळं त्यातच उरकायचं. शिवाय कॅमेरा खेळाडूच्या ताब्यात असल्यामुळे तो भिंतीच्या मागे जाईल, छताकडे पाहील, नाहीतर पेटीला नाक लावून उभा राहील. विद्यार्थी एका कोनातून झकास दिसणारं दृश्य रचतो. अनुभवी कलाकार पहिल्यांदा कॅमेरा फिरवून दाखवायला सांगतो.

त्यानंतर बहुतेक वेळा बाह्याकृतीची पाळी येते. पात्राला पूर्ण काळं करून टाकलं, नुसती सावली उरली, तरी ते ओळखू यायला हवं. यामागचा विचार समजून घ्यायला व्हॉल्व्ह कंपनीचा 2007चा ‘टीम फोर्ट्रेस 2’ हे उत्तम उदाहरण आहे. त्याच वर्षी कंपनीच्या तिघा जणांनी या गेमच्या चित्रशैलीवर एक शोधनिबंध सादर केला. गेममध्ये नऊ प्रकारची पात्रं आहेत आणि पळापळीच्या लढाईत समोर कोण आलंय हे खेळाडूला क्षणात कळायला हवं. म्हणून त्यांनी ओळखीचा क्रमच ठरवून टाकला. माणूस आपला की शत्रूचा, हे रंगावरून कळेल. तो कोणत्या प्रकारचा आहे, हे अंगकाठी आणि बाह्याकृती सांगेल. हातात कोणतं हत्यार आहे, हे छातीजवळच्या उजेड-अंधाराच्या फरकावरून दिसेल. पायांकडे गडद आणि छातीकडे उजळ अशी रंगांची चढण त्यासाठीच ठेवली होती. शैली उचलली होती ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जे. सी. लायनडेकर या अमेरिकी जाहिरात-चित्रकाराकडून. पुढे ‘डोटा 2’साठी बाहेरच्या कलाकारांकडून पोशाख आणि शस्त्रं मागवायला लागल्यावर व्हॉल्व्हने पात्रकलेची एक मार्गदर्शिका उघडपणे प्रसिद्ध केली. खेळाडू वरून आणि लांबून पाहतो, म्हणून डोक्या-खांद्याकडे लक्ष खेचा आणि पायांकडचा तपशील आवरा, हे तिचं एक मुख्य सूत्र.

विद्यार्थ्याच्या तलवारधारी योद्ध्याकडे पाहणाऱ्या कलाकाराच्या डोक्यात हे सगळं असतं. चिलखतावरचं नक्षीकाम कितीही कौतुकाचं असो, डोळे किलकिले करून पाहिल्यावर तो योद्धा आणि त्याच्या शेजारचा जादूगार सारखेच ढब्बू दिसत असतील तर नक्षीवर घातलेले तीन आठवडे वाया गेले, हे त्याला दिसतं. विद्यार्थ्याला दिसत नाही, कारण तो त्या नक्षीच्या इतका जवळ बसलेला असतो.

मापांची गोष्ट आणखी नाजूक. खऱ्या घराची मापं टेपने घेऊन कुणी खोली जशीच्या तशी बनवली, की ती गेममध्ये अंगावर येते. पात्राच्या पाठीमागून चालणाऱ्या कॅमेऱ्याला जागा लागते, म्हणून अशा गेममधली दारं, जिने आणि बोळ खऱ्यापेक्षा रुंद आणि उंच ठेवतात. हे पुस्तकात सापडेलच असं नाही. ज्याच्या दारात पात्र अडकलं आहे आणि ज्याने त्यापायी मजलाच्या मजला पुन्हा बांधला आहे, तो मात्र हे न विसरता सांगतो.

मग पृष्ठभाग. टेक्श्चरची घनता म्हणजे एका मीटरच्या जागेत किती पिक्सेल बसवले आहेत त्याचा हिशेब. एखादा गेम मीटरला 512 पिक्सेल असं माप ठरवतो आणि मग भिंतीपासून पिंपापर्यंत सगळं त्याच्या आसपास ठेवावं लागतं. विद्यार्थ्यांच्या कामात दाराची मूठ आरशासारखी लख्ख आणि शेजारची भिंत धुरकट, असा प्रकार हमखास आढळतो. दोन्ही वस्तू सुट्या पाहिल्या तर चांगल्या असतात, एकत्र ठेवल्या की डोळ्याला खुपतात.

रंगाच्या बाबतीतली चूक जुन्या चित्रकलेच्या सवयीतून येते. प्रकाश भौतिकशास्त्राला धरून दाखवण्याच्या नव्या पद्धतीत वस्तूचा मूळ रंग वेगळा नोंदवायचा, खडबडीतपणा वेगळा, ती धातू आहे की नाही हे वेगळं. छाया-प्रकाश इंजिन लावतं. चित्रकला शिकून आलेला विद्यार्थी सवयीने मूळ रंगातच सावल्या रंगवून बसतो, मग इंजिन त्यावर आणखी सावल्या टाकतं आणि वस्तू मळकी दिसते. कोळसा काळाकुट्ट करतो, बर्फ पांढराफटक. प्रत्यक्षात कोळसासुद्धा पडलेल्या प्रकाशापैकी चारेक टक्के परत फेकतो आणि ताजा बर्फही सगळाच्या सगळा फेकत नाही. पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा रंग निसर्गात जवळजवळ नाहीच, म्हणून तो दिला की इंजिनचं गणित बिघडतं.

या सगळ्यापेक्षा बारकाईने पाहिली जाते ती झीज. सबस्टन्स पेंटरमध्ये एक कळ दाबली की वस्तूच्या सगळ्या कडा आपोआप घासल्यासारख्या दिसतात. पाहणारा कलाकार ती तयार झीज पाहताक्षणी ओळखतो. खरी पेटी जिथे हात लागतो तिथे गुळगुळीत होते, जिथून ओढली जाते तिथे खरवडते, ज्या कोपऱ्यात पाणी साचतं तिथे गंजते. तेव्हा टीकाकाराचा प्रश्न असतो, ही पेटी कुणाची, ती इथे कशी आली, कोण उघडतं ती आणि कोणत्या हाताने? पोरं चक्रावतात. लाकडी पेट्या, पिंपं आणि तलवारी यांनी पोर्टफोलिओ भरून काढणाऱ्या मुलांना, वस्तूचं आयुष्य आधी ठरवायचं आणि मग तिचा रंग, हे कुणी बोललेलं नसतं. या एका प्रश्नाने पेटी बदलते, आणि त्यानंतर तो विद्यार्थी जे जे बनवेल ते सगळं बदलतं.

बोलण्यापेक्षा दाखवणं जास्त उपयोगी पडतं, म्हणून चित्रावर चित्र काढून देण्याची रीत आहे. कलाकार विद्यार्थ्याच्या चित्रावर वेगळा थर घेतो आणि दहा-पंधरा मिनिटांत हा उजेड इथे आणला तर काय होईल, ही मागची भिंत मंद केली तर नजर कुठे जाईल, ते रंगवून दाखवतो. मूळ काम खाली शाबूत असतं. थर लपवून-उघडून विद्यार्थी दोन्ही पाहू शकतो. गाण्यात कान तयार व्हावा लागतो तशी इथे नजर तयार व्हावी लागते, आणि ती व्याख्यानांतून होत नाही. आपल्याच कामाची ही दोन रूपं शेजारी-शेजारी पाहिली की ती होऊ लागते.

रॉइस सॅडलर या ऑस्ट्रेलियन शिक्षणतज्ज्ञाने 1989मध्ये हीच गोष्ट तर्कशुद्ध मांडली. विद्यार्थ्याला सुधारायचं असेल तर त्याला तीन गोष्टी लागतात, असं त्याचं म्हणणं. चांगलं काम म्हणजे काय याची कल्पना हवी, आपलं काम त्याच्याशी ताडून पाहता यायला हवं, आणि मधलं अंतर कापायचा मार्ग हवा. शिक्षक तिसरी गोष्ट देऊ शकतो, कधी कधी दुसरीही. पहिली, म्हणजे आजच्या घडीला स्टुडिओत कशाला चांगलं म्हणतात याची कल्पना, स्टुडिओत रोज बसणाऱ्याकडे असते. ती कागदावर नीट उतरवता येत नाही, एकेका कामाकडे बोट दाखवूनच देता येते. बाहेरून येणाऱ्या कलाकाराची गरज इथे आहे.

बिनमोबदला वेळ देणारे हे लोक कोण असतात? त्यांत नावाजलेले कलादिग्दर्शक असतात, पण दोन-तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली तरुण मंडळीही मोठ्या संख्येने असतात. खरं तर विद्यार्थ्याला या तरुणांचाच उपयोग जास्त होतो. पोर्टफोलिओ घेऊन दारोदार फिरण्याचे दिवस त्यांच्या आठवणीत ताजे असतात आणि कुठे अडखळायला होतं हे त्यांना सांगावं लागत नाही. कुणालाच आपलं चालू काम दाखवता येत नाही, कारण गुप्ततेचे करार असतात. पण नजर करारात बांधलेली नसते.

काहींना ज्या दारातून आपण कसेबसे आत आलो ते मागच्यांसाठी उघडं ठेवायचं असतं. मलेशियात वाढलेल्या आणि ब्रिटनमध्ये गेमच्या पडद्यावरची रचना करणाऱ्या अनीसा सनुसी यांनी 2019मध्ये ‘लिमिट ब्रेक’ हा उपक्रम सुरू केला. गेम उद्योगात ज्यांची संख्या कमी आहे अशा स्त्रिया आणि इतर लिंगओळखींच्या माणसांना अनुभवी मार्गदर्शकाशी काही महिने जोडून देण्याचं काम तो करतो. अमेरिकेत अमीर सातवत या टेन्सेंट या गेम कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाने नोकरी शोधणाऱ्यांसाठी माहिती गोळा करायला सुरुवात केली. तिचा पसारा वाढत जाऊन आज पोर्टफोलिओ आणि बायोडेटा फुकट तपासून देणाऱ्या स्वयंसेवकांचा मोठा गट त्यांच्याभोवती उभा आहे. डिसेंबर 2024च्या गेम अवॉर्ड्स सोहळ्यात या कामासाठी त्यांचा गौरव झाला.

हे काम वाढण्यामागे एक कडवट कारणही आहे. जगभरच्या गेम उद्योगात 2023मध्ये सुमारे 10,500 आणि 2024मध्ये सुमारे 14,600 लोकांच्या नोकऱ्या गेल्या, असा नोंदी ठेवणाऱ्यांचा अंदाज आहे. दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेली माणसं नव्या पदवीधरांच्या रांगेत येऊन उभी राहिली. अशा काळात सुरुवातीच्या जागा सगळ्यांत आधी आटतात. मग पोर्टफोलिओवर कुणाची अनुभवी नजर फिरली आहे की नाही, याने मोठा फरक पडतो. नोकरी गेलेल्या कित्येक कलाकारांनी मिळालेला रिकामा वेळ याच कामी लावला, ही गोष्ट या उद्योगाबद्दल आदर वाटायला लावते.

टीका म्हणजे सुधारणा, असं मात्र गृहीत धरता येत नाही. 1996मध्ये क्लूगर आणि डनिसी या संशोधकांनी अभिप्रायाच्या परिणामांवरचे जुने प्रयोग एकत्र करून 607 निष्कर्ष तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर काम आणखी खालावलं होतं. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की अभिप्रायाचा उपयोग घटतो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. ‘या भिंतीचा खडबडीतपणा सगळीकडे एकसारखा आहे’ या वाक्याने विद्यार्थी भिंतीकडे वळतो. ‘तुला मटेरियल कळत नाही’ हे ऐकलं की तो स्वतःला चाचपू लागतो आणि भिंत तशीच राहते. कौतुकाचंही तेच. ‘तू हुशार आहेस’ या शब्दांना चित्रात कुठेच जागा नसते.

अमेरिकेत डेव्हिड यीगर, जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2014मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर फारच बोलका आहे. सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीसारखे शेरे मारले. त्यानंतर काही वह्यांना, तुझ्याकडून माझी मोठी अपेक्षा आहे आणि तू ती पुरी करशील याची मला खात्री आहे म्हणून हे शेरे लिहिले, अशा अर्थाची एक चिठ्ठी जोडली. इतर वह्यांना साधी चिठ्ठी होती. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी 17 टक्क्यांनी निबंध पुन्हा लिहिला, दुसरी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी 72 टक्क्यांनी. प्रयोगातली मुलं थोडी होती. तरी कठोर टीका आणि विश्वास यांचं वैर नाही, एवढं त्यावरून खचित म्हणता येतं. शेरे दोन्हीकडे सारखेच कडक होते.

पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओत ‘ब्रेनट्रस्ट’ नावाची बैठक असे. दिग्दर्शक आपला अर्धाकच्चा चित्रपट सहकाऱ्यांना दाखवी आणि ते मनात येईल ते स्पष्ट बोलत. पिक्सारचे एक संस्थापक एड कॅटमल यांनी या बैठकीचा एक नियम महत्त्वाचा मानला आहे. तिला कोणताही अधिकार नव्हता. ऐकायचं की नाही, हे दिग्दर्शकानेच ठरवायचं. बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकाचं बळही नेमकं यातच आहे. तो गुण देत नाही, पास-नापास करत नाही, म्हणून त्याच्यापुढे अर्धवट काम ठेवता येतं. पण हाच माणूस उद्या नोकरी देऊ शकतो असं विद्यार्थ्याच्या मनात आलं, की तो पुन्हा चकाकणारं तेवढंच दाखवायला लागतो. कॉलेजांनी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. भरतीचा दिवस निराळा आणि शिकण्याचा निराळा.

आणखीही दोष आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दोन कलाकार एकाच कामाबद्दल उलटसुलट बोलतात. एक स्टुडिओ वास्तवदर्शी गेम करतो, दुसरा हाताने रंगवलेले, आणि दोघेही आपल्या घरची रीत जगाची रीत म्हणून ऐकवतात. पहिल्या वर्षाच्या मुलीला एका बैठकीत पंचवीस चुका दाखवल्या तर तिच्या हाती काहीच लागत नाही. तीनच सांगाव्यात, त्याही क्रमाने. मूळ रचना डळमळीत असेल तर टेक्श्चरवर बोलूच नये. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी 1990मध्ये टीकेची एक पद्धत घालून दिली. तिच्यात पाहणाऱ्याने आधी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं, मग कलाकाराने स्वतःचे प्रश्न मांडायचे, मग पाहणाऱ्याने तटस्थ प्रश्न विचारायचे आणि मत द्यायचं ते शेवटी, तेही परवानगी घेऊन. गेमच्या दुनियेत इतकी औपचारिकता क्वचितच पाळली जाते. पण विद्यार्थ्याने ‘कसं वाटलं?’ असं मोघम न विचारता ‘या खोलीत नजर खिडकीकडे जाते का?’ असा नेमका प्रश्न आणावा, एवढं तरी त्यातून नक्की उचलावं.

बाहेरच्या जाणत्यांनी विद्यार्थ्यांचं काम तपासण्याची ही परंपरा मुळात गेमची नाहीच. पॅरिसच्या इकोल दे बोझार या कलाशाळेत एकोणिसाव्या शतकात वास्तुकलेचे विद्यार्थी व्यवसायात असलेल्या वास्तुकारांच्या कार्यशाळांत शिकत आणि त्यांच्या आराखड्यांचा निकाल परीक्षकमंडळ बंद दाराआड लावत असे. पुढे दार उघडलं, विद्यार्थी समोर उभा राहून बोलू लागला, आणि ही ‘ज्युरी’ जगभरच्या कला आणि वास्तुकलेच्या शाळांत पसरली. मुंबई-पुण्यात आर्किटेक्चर किंवा डिझाइन शिकलेल्या कुणालाही ज्युरीच्या आदल्या रात्रीचं जागरण समजावून सांगावं लागत नाही. 2008मध्ये फ्रान्सच्या सुपइन्फोकॉम या संस्थेशी जोडलेलं ॲनिमेशन आणि गेमचं शिक्षण पुण्याजवळ सुरू झालं. ज्या फ्रेंच पठडीतून ते आलं तिच्यात, शेवटच्या वर्षाचं काम व्यावसायिकांच्या ज्युरीपुढे ठेवण्याची प्रथा पक्की आहे.

अडचण ज्युरीच्या वेळेची आहे. ती सत्राच्या शेवटी होते. तोवर मॉडेल पूर्ण झालेलं असतं, रंगवून झालेलं असतं, छापून भिंतीवर लागलेलं असतं. त्या दिवशी कुणी येऊन बाह्याकृती कमकुवत आहे म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. तेच वाक्य दुसऱ्या आठवड्यात, राखाडी ठोकळ्यांच्या कच्च्या मांडणीवर ऐकलं असतं तर तासाभरात दुरुस्ती झाली असती. अनुभवी लोक म्हणूनच पूर्ण झालेल्या कामाआधी ठोकळे पाहायला मागतात.

आणि महाराष्ट्रात हे काम करू शकणाऱ्यांची वाण नाही. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात 2008पासून आहे, मुंबईत 2018पासून. भारतातल्या गेम उद्योगाचा मोठा भाग परदेशी गेमसाठी कला तयार करून देण्यावर उभा राहिला. 1997मध्ये सुरू झालेली बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही त्यातली अग्रणी होती. अशा कामाचं स्वरूपच अभिप्रायाचं असतं. इथून मॉडेल जातं, तिथला कलादिग्दर्शक त्यावर खुणा करून परत पाठवतो, दुरुस्त करून पुन्हा जातं. या धबडग्यात वर्षं काढलेल्या भारतीय कलाकारांनी टीका ऐकण्याचा आणि तिच्यातून नेमकं काय बदलायचं हे हेरण्याचा जेवढा सराव केला आहे, तेवढा जगात थोड्यांनीच केला असेल. हे ज्ञान आपल्या कॉलेजांच्या भिंतीबाहेर राहावं, हे नुकसानीचं आहे.

आपल्याकडच्या माणसांची गरज आणखी एका कारणाने आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. पहाडी लघुचित्रांची छाया असलेली हाताने रंगवलेली टेक्श्चर्स आणि राजस्थानी वास्तूंवरून घेतलेली बांधणी यांमुळे तो लगेच वेगळा दिसला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये उत्तम पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने पेशवेकालीन वाडा बनवला, तर प्रकाश आणि घनता यांवर शेफील्डचा कलाकार अचूक बोलेल. पण ओसरीची उंची, खांबाचा तळखडा, चौकात उन्हाने आणि पावसाने कुठे काय झिजतं, महिरपीखाली धूर कुठे धरतो, हे त्याला दिसणार नाही. त्यासाठी वाड्यात वावरलेला डोळा लागतो, आणि तो गेमही जाणणारा असला पाहिजे.

मुंबईत 2025मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था सुरू झाली आहे आणि गेमिंग हा तिच्या विषयांपैकी एक आहे. नव्या इमारती आणि महागडे कॉम्प्युटर येतील. त्यांच्यासोबत वेळापत्रकात एक साधी सोय व्हावी: प्रत्येक सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, गुणांशी संबंध नसलेली, कच्च्या कामावरची एक बैठक, आणि समोर स्टुडिओतले दोन-तीन कलाकार. त्यांना प्रवासखर्च आणि मान द्यावा. त्यांच्याकडून फुकट अध्यापन करून घेण्याचा मोह टाळावा. बाणेरला, बंगळुरूला किंवा गोरेगावला काम करणाऱ्या मराठी कलाकारांनी महिन्यातली एक संध्याकाळ आपल्या जुन्या कॉलेजसाठी राखून ठेवावी. आणि गेम आर्ट शिकणाऱ्या मुलामुलींनी काम पूर्ण होण्याची वाट न पाहता ते आजच, आहे त्या अवस्थेत, एका नेमक्या प्रश्नासह कुणातरी जाणत्याला दाखवावं.